परतीचा वक्र मोजल्याशिवाय संक्रमण मोजलं असं म्हणू नये

क्वार्ट्झचा स्फटिक तापवत नेला की ५७३ अंश सेल्सिअसला त्याचं अल्फा रूप बीटा होतं. थंड करत आणला की जवळपास तिथेच, फार तर एखाद्या अंशाने खाली, ते पुन्हा अल्फा होतं. ल शातेलिए यांनी १८८९ मध्ये प्रसरणातल्या उडीवरून हा बदल पकडला. यात सिलिकॉन-ऑक्सिजनचा एकही बंध तुटत नाही. चतुष्फलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) आपापल्या जागी थोडे वळतात आणि जालाची सममिती वाढते, एवढंच. म्हणून हे संक्रमण इतकं बिनबोभाट परत फिरतं.

तापमानाने होणाऱ्या अशा बदलांविषयी वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. आकडा एकच दिलेला असतो आणि तो तापवतानाचा असतो. एक शिखर दिसलं, त्याचं तापमान लिहिलं, शेजारी ‘उलट फिरणारं संक्रमण’ असा शेरा मारला, काम संपलं. खरं तर निम्मी माहिती परतीच्या वाटेवर असते. संक्रमण पहिल्या प्रकारचं (उडी मारून होणारं, उष्णता घेणारं-सोडणारं) की दुसऱ्या (सलग होणारं), बंध तुटतात की अणू नुसते सरकतात, नमुन्यात ताण आहे का, अशुद्धी शिरली का, हे सगळं तापवतानाचा आणि थंड करतानाचा वक्र एकमेकांवर ठेवले की दिसतं. हा मुद्दा डोळ्यासमोर ठेवून आधी स्फटिकांकडे आणि मग पृष्ठांकडे बघू. पृष्ठांवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण चुकायला तिथे जास्त जागा आहे.

‘परत फिरतं’ म्हणायला काय लागतं? थंड केल्यावर मूळ रचना परत आली पाहिजे, नुसता मूळ रंग किंवा मूळ विद्युत-रोध नव्हे. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत वक्र स्वतःवरच पडला पाहिजे. आणि जाण्या-येण्याच्या तापमानात फरक असेल तर तो तापवण्याचा वेग कमी केल्यावरही टिकतो का, हे माहीत हवं. पहिली फेरी या हिशेबात धरू नये. तिच्यात जुने ताण सुटतात, ओल उडते, पावडर पात्रात नीट बसते. ती टिपून ठेवावी, पण निष्कर्ष दुसऱ्या फेरीपासून काढावा.

सिलिकाच्याच कुटुंबात उलट उदाहरणही आहे. क्वार्ट्झचं ट्रिडिमाइट होणं कागदावर ८७० अंशांना लिहिलेलं असतं, पण तिथे सिलिकॉन-ऑक्सिजनची जोडणी तोडून नव्याने करावी लागते. ते इतकं संथ असतं की थंड करताना ट्रिडिमाइट क्वार्ट्झकडे वळतच नाही. ते स्वतःच्याच कमी तापमानाच्या रूपांमध्ये उतरत जातं. क्रिस्टोबलाइटचंही तसंच. त्याचं स्वतःचं अल्फा-बीटा संक्रमण साधारण २०० ते २७० अंशांच्या पट्ट्यात होतं आणि नीट उलट फिरतं. नेमका आकडा नमुना किती सुव्यवस्थित आहे यावर ठरतो. म्हणजे एकाच पदार्थात काही दारं दोन्ही बाजूंनी उघडतात आणि काही एकाच. संक्रमणाच्या तापमानाशेजारी ‘सरकणं’ की ‘पुनर्बांधणी’ हे लिहिलं तर वाचणाऱ्याचा निम्मा गोंधळ वाचतो.

उष्मागतिकीच्या दृष्टीने परत फिरणारं संक्रमण यांत्रिकदृष्ट्या परत फिरेलच असंही नाही. पांढऱ्या कथलाचं करडं कथील १३.२ अंशांखाली स्थिर असतं आणि तापवलं की पुन्हा पांढरं होतं. पण करडं होताना आकारमान चतुर्थांशाहून जास्त वाढतं आणि कथलाचा भुगा होतो. तापवून पांढरं कथील मिळतं, मूळ तुकडा मिळत नाही. झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) तापवताना ११७० अंशांच्या आसपास मोनोक्लिनिक स्फटिक-रचनेतून टेट्रागोनल रचनेत जाते आणि परतताना साधारण ९५० अंशांपर्यंत थांबते. परतताना आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं, म्हणून शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भट्टीतून काढताना फुटते. यिट्रिया वगैरे मिसळून हे संक्रमण दाबून टाकतात ते याचसाठी.

जाण्या-येण्यातला हा फरक, म्हणजे हिस्टेरेसिस, येतो कुठून? पहिल्या प्रकारच्या संक्रमणात नव्या रचनेचं बीज जुन्या रचनेच्या पोटात तयार व्हावं लागतं. दोघांच्या सीमेची ऊर्जा आणि भोवतालच्या जालावर पडणारा ताण यांची किंमत आधी मोजावी लागते. ती भरून निघेपर्यंत नमुना समतोल तापमानाच्या पुढे जातो, दोन्ही दिशांना. दोष असतील तर बीज लवकर धरतं. त्यामुळे गंमत अशी की व्हॅनेडियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सिलिकात कोंडले, तर हिस्टेरेसिस कमी न होता ३० ते ५० अंशांपर्यंत रुंदावतं. प्रत्येक कण इतका लहान असतो की त्यात बीज धरायला योग्य दोष मिळणंच कठीण. मोठ्या स्फटिकात हीच रुंदी एखाद-दोन अंश असते आणि पातळ थरांमध्ये बहुधा पाच ते दहा अंश.

व्हॅनेडियम डायऑक्साइडचं हे संक्रमण मॉरिन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. साधारण ६८ अंशांना मोनोक्लिनिकमधून रूटाइल रचना होते आणि चांगल्या स्फटिकात रोध चार-पाच दशक-घातांनी, म्हणजे दहा हजार ते लाख पटींनी, कोसळतो. मोजायला सोपं वाटतं, पण फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. चार टोकांची पद्धत (दोन टोकांतून प्रवाह, दुसऱ्या दोन टोकांवर व्होल्टेज) वापरा, कारण धातुरूप अवस्थेत नमुन्याच्या रोधापेक्षा जोडणीचा रोध मोठा ठरू शकतो. प्रवाह शक्य तितका कमी ठेवा. संक्रमणाजवळ प्रवाहाच्या स्वतःच्या उष्णतेने नमुन्याचा एक पट्टा आधीच धातुरूप होतो आणि वक्रात खोट्या पायऱ्या येतात. याची चाचणी सोपी आहे: प्रवाह निम्मा करून तीच फेरी पुन्हा काढा. पायऱ्या हलल्या तर त्या पदार्थाच्या नाहीत. वेग मिनिटाला एक अंश किंवा त्याहून कमी. मोठा स्फटिक पहिल्याच फेरीत तडकतो, म्हणून त्याचा रोध फेरीगणिक वाढत गेला तर लगेच रसायनाला दोष देऊ नये. पण संक्रमणाचं तापमानच सरकत असेल किंवा उडी लहान होत असेल, तर ऑक्सिजनचं प्रमाण बिघडलंय. व्हॅनेडियमची ऑक्साइडं पुष्कळ आहेत आणि हवेत जास्त तापवलं की शेवट व्हॅनेडियम पेंटॉक्साइडमध्ये होतो. टंगस्टन मिसळलं की दर अणुटक्क्यामागे तापमान वीस-पंचवीस अंशांनी उतरतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या (००१) पृष्ठावर (कंसातले अंक स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय ते सांगतात) वाढवलेल्या थरात नुसत्या ताणानेच ते ३०० केल्विनच्या आसपास येतं, आणि (११०) पृष्ठावर उलट चढून ३७० केल्विनजवळ जातं. थराविषयी लिहिताना आधार कोणता होता हे न सांगता दिलेलं तापमान कोणाच्याच उपयोगाचं नाही.

डीएससीवर, म्हणजे तापवताना आणि थंड करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या उपकरणावर, हे सगळं कसं मोजावं, तेही सांगतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. नमुना ५ ते १० मिलिग्रॅम, तळाला सपाट बसेल असा. क्वार्ट्झसारखी उष्णता कमी असलेली संक्रमणं असतील तर २० ते ४० मिलिग्रॅम घ्या. अॅल्युमिनियमची पात्रं ६०० अंशांच्या पुढे नेऊ नका, ती ६६० ला वितळतात. क्वार्ट्झसाठी प्लॅटिनम किंवा अॅल्युमिनाचं पात्र बरं. क्वार्ट्झ फार बारीक दळू नका. दळण्याने कणांच्या कडेला विस्कळीत थर तयार होतो, शिखर लहान होतं आणि नमुन्यात क्वार्ट्झच कमी आहे असा भास होतो.

तापमानाचं कॅलिब्रेशन इंडियमने (१५६.६ अंश) आणि झिंकने (४१९.५ अंश) करतात, पण ते तापवण्याचं कॅलिब्रेशन आहे. थंड करताना हे धातू गोठणबिंदूखाली उतरूनही द्रवच राहतात, म्हणून परतीच्या फेरीसाठी त्यांचा उपयोग नाही. तिथे अशी संक्रमणं लागतात जी मागे रेंगाळत नाहीत. लिक्विड क्रिस्टलांची काही संक्रमणं या कामाला उत्तम. हे न करता परतीचा आकडा दिला तर त्यात उपकरणाचा उशीर आणि पदार्थाचं हिस्टेरेसिस यांची सरमिसळ असते.

ती वेगळी करायची रीत अशी. एकाच नमुन्यावर मिनिटाला २, ५, १० आणि २० अंश अशा वेगांनी तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या फेऱ्या काढा. प्रत्येकीत शिखराचं टोक न घेता सुरुवातीचा बिंदू घ्या, म्हणजे बेसलाइन आणि शिखराची चढती बाजू यांच्या स्पर्शरेषा जिथे मिळतात तो. मग वेगाविरुद्ध तापमान मांडून दोन्ही रेषा शून्य वेगापर्यंत लांबवा. रेषा तिथे एकत्र आल्या तर तुम्हाला दिसत होता तो नुसता उष्णता पोचायचा उशीर. शून्य वेगालाही अंतर उरलं तर ते पदार्थाचं. शिखराचं टोक वापरू नये, कारण ते नमुन्याच्या वस्तुमानाबरोबर सरकतं.

काही पदार्थ जातात एका वाटेने आणि परततात दुसऱ्या. पोटॅशियम नायट्रेट तापवताना १२८ अंशांच्या आसपास एकच बदल दाखवतं. थंड करताना मात्र १२४ च्या सुमारास एक मधली अवस्था येते आणि ११० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली मूळ रचना परत येते. ही मधली अवस्था फेरोइलेक्ट्रिक (आपणहून विद्युत-ध्रुवित असणारी) आहे, आणि ज्याने फक्त तापवतानाचा वक्र काढला त्याला ती भेटतच नाही. परतीच्या वक्राची बाजू मांडायला याहून चांगला साक्षीदार नाही.

बेरियम टायटनेटमध्ये एकामागून एक तीन संक्रमणं आहेत: १२० अंशांच्या वर घनाकृती (क्युबिक) रचना, त्याखाली ५ अंशांपर्यंत टेट्रागोनल, मग उणे ९० पर्यंत ऑर्थोऱ्हॉम्बिक आणि त्याखाली ऱ्हॉम्बोहेड्रल. आकडे शुद्धतेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात. तिन्ही पहिल्या प्रकारची. विद्युत-पारगम्यता मोजून क्युरी-वाइसची रेषा (पारगम्यतेचा व्यस्तांक तापमानाविरुद्ध) काढली तर ती प्रत्यक्ष संक्रमणाच्या साधारण दहा अंश खाली शून्याला मिळते. या रेषेचा छेदबिंदूच संक्रमणाचं तापमान म्हणून लिहून टाकणं ही सर्रास होणारी चूक. दुसरीकडे स्ट्रॉन्शियम टायटनेटचं १०५ केल्विनचं संक्रमण. ऑक्सिजनचे अष्टफलक आळीपाळीने उलटसुलट वळतात, अप्रकट उष्मा नाही, हिस्टेरेसिस नाही. डीएससीत शिखर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, उष्माधारकतेतला बदल फार लहान आहे. इथे विवर्तनात अर्ध्या अंकांवर उगवणारे नवे बिंदू बघायचे, आणि त्यांची तीव्रता तापमानाबरोबर शून्याकडे सलग उतरते की तुटून पडते हे बघायचं. जालाचं एखादं कंपन संक्रमणाकडे जाताना मंद होत जातं, हे सर्वात आधी क्वार्ट्झमध्येच दिसलं. रामन आणि नेदुंगडी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णपटांत क्वार्ट्झची एक रेषा तापमान वाढेल तशी रुंद होत खाली सरकते. लांडाउंचा सलग संक्रमणांविषयीचा १९३७ चा सिद्धान्त आणि ही सरकती रेषा यांचा सांधा पुढे दोन दशकांनी नीट जुळला.

उच्च तापमानाच्या क्ष-किरण विवर्तनाबद्दल एकच सांगतो. नमुना तापला की त्याचा धारक फुगतो, नमुन्याची उंची बदलते आणि सगळे बिंदू एकदम सरकतात. नमुन्यात अॅल्युमिना किंवा प्लॅटिनमसारखा संदर्भ मिसळला नसेल तर जालाचं खरं प्रसरण आणि हे सरकणं वेगळं काढता येत नाही. थर्मोकपल धारकाच्या तळाशी असेल तर पृष्ठ त्याहून थंड असतं, आणि हा फरक ५०० अंशांच्या पुढे सहज दोन आकडी होतो.

पृष्ठांवर

पृष्ठावरचे अणू वरच्या बाजूने मोकळे असतात, म्हणून ते आतल्या जालापेक्षा वेगळी मांडणी करतात. या मांडणीची स्वतःची संक्रमणं असतात आणि आतल्या स्फटिकाला त्यांचा पत्ताही नसतो. सिलिकॉनचं (१११) पृष्ठ हे यातलं सगळ्यात अभ्यासलेलं. श्लायर आणि फार्न्सवर्थ यांना १९५९ मध्ये त्यावर सातपट आवर्तन दिसलं, बिनिग आणि रोहरर यांच्या गटाने १९८३ मध्ये एसटीएमने (सुईच्या टोकाने पृष्ठ अणूअणूने चाचपणारा मायक्रोस्कोप) ते अणूगणिक दाखवलं आणि ताकायानागी यांच्या गटाने १९८५ मध्ये त्याची रचना उलगडली. ही ७×७ मांडणी (दोन्ही दिशांना आतल्या जालाच्या सातपट अंतराने पुन्हा येणारी) साधारण ८६० अंश सेल्सिअसला मोडते आणि वर १×१, म्हणजे आतल्या जालाइतकंच आवर्तन, दिसते. थंड केलं की ७×७ परत येते. १९८५ मध्येच टेलिप्स आणि बाउअर यांनी कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने हे होताना पाहिलं: ७×७ चे पट्टे पृष्ठावरच्या अणूइतक्या उंचीच्या पायऱ्यांच्या वरच्या कडेला उगवतात आणि सपाटीवर पसरत जातात. दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी दिसतात, म्हणजे संक्रमण पहिल्या प्रकारचं.

याच पृष्ठाला एक एकेरी दारही आहे. स्फटिक निर्वातात फोडून नवं पृष्ठ उघडलं तर त्यावर २×१ मांडणी असते. तापवलं की ती जाते आणि पुढे ७×७ येते, पण थंड करून २×१ कधीच परत मिळत नाही. ती अर्धस्थिर होती. ८६० अंशांचं संक्रमण आणि हा बदल दोन्ही ‘तापमानाने झालेले’, पण जातकुळी पूर्ण वेगळी.

आता प्रत्यक्ष कृती. सिलिकॉनची पट्टी टँटलम किंवा मॉलिब्डेनमच्या क्लिपांत धरा आणि तिच्यातूनच प्रवाह सोडून तापवा. स्टेनलेस स्टीलचा चिमटा लावू नका. त्यातलं निकेल सिलिकॉनवर लागतं, तापवल्यावर आत मुरतं आणि थंड करताना पृष्ठावर परत येऊन स्वतःच्या वेगळ्या मांडण्या करतं. एकदा लागलेलं निकेल तापवून जात नाही, पट्टी टाकून द्यावी लागते. टँटलमचा किंवा सिरॅमिकचा चिमटा वापरा आणि तो फक्त याच कामाला ठेवा.

पॉवर सप्लाय ठरावीक प्रवाहाच्या स्थितीत ठेवा, ठरावीक व्होल्टेजच्या नाही. तापत जाईल तसा सिलिकॉनचा रोध कोसळतो. व्होल्टेज स्थिर असेल तर प्रवाह धावत सुटतो आणि पट्टी मधोमध वितळते. पट्टी ६०० अंशांवर रात्रभर ठेवून धारकासकट वायू काढून टाका. मग १२०० अंशांपर्यंत काही सेकंदांचे झटके द्या. झटक्यादरम्यान दाब १० च्या उणे ९ व्या घाताच्या मिलिबारखाली राहिला पाहिजे. वर गेला तर थांबा, उतरू द्या, पुन्हा करा. पृष्ठ अजून मळलेलं असताना ८०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू नका. कार्बन तिथे सिलिकॉन कार्बाइड होऊन बसतो आणि मग हलत नाही.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर. शेवटच्या झटक्यानंतर ९५० पर्यंत पटकन उतरा, पण ९०० ते ८०० हा पल्ला सेकंदाला एका अंशाहून हळू. कारण असं: वरच्या १×१ अवस्थेत पृष्ठावर सैरावैरा फिरणारे अणू असतात आणि तिची अणुघनता ७×७ पेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त असते. ७×७ तयार होताना हे जास्तीचे अणू कुठेतरी जावे लागतात. वेळ दिला तर ते चालत पायऱ्यांपर्यंत पोचतात. नाही दिला तर सपाटीवरच बेटं करून बसतात, आणि मधल्या जागांत ५×५, ९×९ अशा दुसऱ्या आवर्तनांचे तुकडे आणि विस्कळीत पट्टे उरतात. लीडचं (कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाचं) चित्र ७×७ दिसतं, पण बिंदू जाड आणि पार्श्वभूमी उजळ. पृष्ठ ‘मळलंय’ म्हणून पुन्हा झटके देत बसण्याआधी थंड करण्याचा वेग तपासा. घाईत थंड केलेलं पृष्ठ ८७० च्या वर नेऊन सावकाश उतरवलं की सुधारतं. मळलेलं सुधारत नाही.

तापमान मोजायचं ते ऑप्टिकल पायरोमीटरने, आणि पट्टीच्या मध्यावर, कारण क्लिपांजवळ ती कितीतरी थंड असते. ०.६५ मायक्रॉन तरंगलांबीला सिलिकॉनची उत्सर्जकता (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत तो किती प्रकाश टाकतो ते) साधारण ०.६५ धरतात. पायरोमीटर १ वर ठेवलेला राहिला तर खऱ्या ८६० अंशांना तो सुमारे २५ अंश कमी दाखवेल. खिडकीच्या काचेत ८ टक्के प्रकाश गेला तर आणखी ५ अंश. वर्षानुवर्षं झटके देऊन काचेवर सिलिकॉनचा पातळ थर चढला असेल तर त्याहून जास्त. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी याच संक्रमणाचे ८३० ते ८७० पर्यंत आकडे सापडतात. भौतिकी सगळीकडे तीच, थर्मामीटर वेगळे.

लीडने बघताना पट्टीतला प्रवाह स्वतःच चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि हळू इलेक्ट्रॉन त्यात वळतात, चित्र सरकतं. उपाय म्हणजे प्रवाह क्षणभर तोडून त्या फटीत चित्र घेणं. फट मिलिसेकंदांची असू द्या, नाहीतर तेवढ्यात पट्टी थंड होते. एकाच दिशेने तासन् तास प्रवाह सोडला तर पृष्ठावरच्या पायऱ्या गोळा होऊन गठ्ठे बनतात. हे प्रवाह पायरीच्या चढाकडे की उताराकडे यावर आणि तापमानावर अवलंबून आहे. त्यामुळे प्रवाहाची दिशा वहीत लिहून ठेवावी.

कमी तापमानाची पृष्ठ-संक्रमणं वेगळी काळजी मागतात. सिलिकॉनच्या (००१) पृष्ठावर अणूंच्या जोड्या एका बाजूला कललेल्या असतात. २०० केल्विनच्या खाली त्यांचे कल एकमेकांशी जुळून सी(४×२) मांडणी होते, वर ती २×१ दिसते. पण वर जोड्या सरळ उभ्या राहत नाहीत. त्या इतक्या वेगाने या बाजूची त्या बाजूला होतात की एसटीएमला सरासरी सरळ दिसते. पहिलं मत मोजणीच्या पद्धतीवरून बनतं आणि ते चुकीचं असू शकतं. जर्मेनियम (१११) वरच्या कथलाच्या थरातही हाच घोळ झाला. १९९६ मध्ये शिशाच्या आणि लगोलग कथलाच्या थरात √३×√३ चं थंडीत ३×३ होताना दिसलं, आणि हा इलेक्ट्रॉनांच्या घनतेतल्या लाटेचा परिणाम मानला गेला. पण कथलाच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे वर्णपट काढले तर तापमानाच्या दोन्ही बाजूंना तेच दोन घटक मिळतात. म्हणजे वरखाली असे दोन प्रकारचे अणू वरच्या अवस्थेतही असतातच, फक्त जागा सतत बदलतात. इलेक्ट्रॉन वर्णपट जलद, एसटीएम संथ आणि लीड सरासरी घेणारं. माझ्या मते जलद आणि संथ अशा किमान दोन पद्धतींनी बघितल्याशिवाय पृष्ठावरच्या संक्रमणाला ‘सरकणारं’ किंवा ‘क्रम-अक्रमाचं’ असं लेबल लावूच नये.

थंड पृष्ठ उरलेला वायू गोळा करतं. १० च्या उणे १० व्या घाताच्या मिलिबारला, प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं तर, एक पूर्ण थर बसायला काही तास लागतात. पण संक्रमण हलायला पूर्ण थर लागत नाही, शेकडा एक-दोन अणू पुरतात. दोषाभोवती थंड अवस्था आधीच धरून बसते, लीडचे बिंदू खऱ्या तापमानाच्या वरही पुसट दिसत राहतात आणि उतार लांबतो. यावर चाचणी परतीच्याच वक्राची. थंड करताना एक वक्र घ्या, मग तापवताना. नंतर पृष्ठ साफ न करता पहिली दिशा पुन्हा. दोन थंड वक्रच एकमेकांशी जुळले नाहीत तर अंतर मळामुळे आहे; ते जुळले आणि फक्त मधला वेगळा पडला तर हिस्टेरेसिसमुळे. इलेक्ट्रॉन झोतही निष्पाप नसतो. सिलिकॉन (००१) वर ४० केल्विनच्या खाली लीडचा झोतच सी(४×२) ची मांडणी विस्कटतो. झोत कमी करून, जागा बदलून पाहावं.

सलग संक्रमणात घातांक (संक्रमणाजवळ क्रम किती वेगाने शून्याकडे जातो ते सांगणारा आकडा) काढायचा असेल, उदाहरणार्थ सोन्याच्या (११०) पृष्ठावर ६५० केल्विनजवळ २×१ ची १×१ होते तिथे, तर आधी डेबाय-वॉलर घट वेगळी करा. तापमान वाढलं की अणूंच्या थरथरीने प्रत्येक बिंदूची तीव्रता घटतेच. संक्रमणापासून दूर, कमी तापमानाला तीव्रतेचा लॉगॅरिदम तापमानाविरुद्ध मांडा. सरळ रेषा येते, ती वर लांबवून सगळ्या आकड्यांना तिने भागा. पार्श्वभूमी प्रत्येक तापमानाला नव्याने वजा करा. संक्रमणाच्या अगदी जवळचे बिंदू जुळवणीत घेऊ नका. पृष्ठावरच्या सपाट्या मर्यादित रुंदीच्या असतात आणि लीडची स्वतःची नजर १०-२० नॅनोमीटरच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून तिथे वक्र गोलावतो. द्विमितीय आयसिंग प्रकारात (प्रत्येक जागेला दोनच पर्याय असलेलं सपाट जाल) क्रमाचा घातांक १/८ असतो आणि तीव्रता त्याच्या वर्गाने, म्हणजे १/४ घाताने उतरते. हा दोनचा गुणक विसरला की ‘नवा’ घातांक सापडतो. मोजणीची खिडकी फार मोठी ठेवली तर संक्रमणाच्या वरच्या चढउतारांतून विखुरलेले इलेक्ट्रॉनही त्यात मोजले जातात आणि तापमान वर सरकल्यासारखं दिसतं.

शिशाच्या (११०) पृष्ठाचं वितळणं या सगळ्यात वेगळं पडतं. फ्रेंकन आणि व्हान देर व्हेन यांनी १९८५ मध्ये आयन विखुरून दाखवलं की शिसं ६०१ केल्विनला वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याचा वरचा थर विस्कळीत होतो, आणि तापमान चढेल तशी या थराची जाडी वाढत जाते. उतरवलं की थर पुन्हा घट्ट होतो. म्हणूनच घन पदार्थ वितळणबिंदूच्या वर सहसा जात नाही. वितळण्याचं बीज पृष्ठावर तयारच असतं. द्रव मात्र गोठणबिंदूच्या खाली बराच उतरू शकतो, आणि इंडियम थंड करताना मागे रेंगाळतो ते यामुळेच.

पायरोमीटरवर विश्वास नसेल तर सिलिकॉन (१११) ची पट्टी स्वतःच थर्मामीटर म्हणून वापरता येते. ती ८८० च्या आसपास न्या, लीडवर नजर ठेवून प्रवाह अगदी थोडा थोडा कमी करा, १/७ चे बिंदू (७×७ मुळे मधे येणारे) उगवले तो आकडा लिहा. मग तसाच वाढवत नेऊन ते मावळले तो लिहा. दोन आकडे काही अंशांच्या आत असतील तर त्यांची सरासरी ८६० धरून पायरोमीटरची उत्सर्जकता त्याप्रमाणे लावून ठेवा. अंतर त्याहून मोठं असेल तर प्रवाह फार झपाट्याने बदलताय किंवा झोत पट्टीच्या मध्यावर नाही. दोन्ही तपासा आणि काच बदलली की हे पुन्हा करा.